देव नसलेली यात्रा

देवकाबाई तीनदा समुद्राला जाऊन आली होती आणि समुद्र तिनं एकदाही पाहिला नव्हता.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल. पण श्यामजीपंताच्या तळेगावात ज्यांनी वासुदेवराव गुल्हान्यांची यात्रा केली आहे, त्यांना यात काही नवल वाटायचं नाही. वासुदेवराव म्हणजे देवकाबाईचे यजमान. बाजारओळीत त्यांचं किराणा दुकान. मुलगा पियुष हाताशी आला, गल्ला सांभाळू लागला, आणि रिकाम्या झालेल्या वासुदेवरावांना देव आठवला. मग दर दोन वर्षांनी एक बस ठरवायची, गावातली चाळीसेक माणसं तिच्यात कोंबायची आणि एकेक धाम उरकून यायचं, असा त्यांनी सपाटा लावला. बसच्या टपावर गॅसची मोठी भट्टी, सिलिंडर, भाताचे गंज, पराती, कढई, तेलाचे पिपे. आचारी घ्यायचा नाही हा त्यांचा बाणा. "आपल्या यात्रेत घरचं जेवण भेटते," असं ते छाती काढून सांगत. घरचं जेवण म्हटलं की घरची बाई आलीच.

तर जगन्नाथपुरीला मंडळी समुद्रावर गेली तेव्हा देवकाबाई धर्मशाळेच्या मागच्या अंगणात वांगी चिरत होती. रामेश्वरला समुद्रस्नानाचं पुण्य मोठं. ते बायकोचं बुडू नये म्हणून वासुदेवरावांनी समुद्र बादलीत भरून आणला. कढईतल्या पुऱ्या शेजारच्या सुलोचनाबाईंच्या हवाली करून देवकाबाईनं तो मोरीत बसून अंगावर ओतून घेतला. द्वारकेला तर ती सगळं आटोपून, लुगडं बदलून निघालीही होती. तेवढ्यात एका गाईनं मळून ठेवलेल्या कणकेत तोंड घातलं. गाय पडली द्वारकेची, तिला मारताही येईना. कणीक पुन्हा मळून होईस्तोवर बस सुटायची वेळ झाली. तिरुपतीला समुद्राचा प्रश्न नव्हता, पण तिथल्या रेटारेटीत देवानं तिला पाहिलं असेल तर असेल, तिनं काही देवाला पाहिलं नाही.

"भारतातल्या धर्मशाळेच्या मोऱ्या इचारा मले," ती म्हणायची. "कोणत्या मोरीचं पाणी तुंबते, कोणत्या मोरीत विंचू निंघते, सारं तोंडपाठ आहे. देवाचं तेवढं इचारू नका. त्याची माही ओळख नाई."

सुलोचनाबाई भजनी मंडळाच्या अध्यक्ष. असलं काही ऐकलं की त्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेत. पण ऐकायला रोज दुपारी न चुकता येत.

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि एका दुपारी देवकाबाईची सून वर्षाली टीव्ही लावून बसली होती. सासू बाजूला वाती वळत होती. पडद्यावर गुजरातेतल्या जामनगरकडचं समुद्रातलं राष्ट्रीय उद्यान दाखवत होते. जंगलाला कुंपण घालतात तसं सरकारनं तिथं समुद्राला राखून ठेवलेलं. ओहोटी लागली की पाणी पार मागं सरकतं आणि माणसं समुद्राच्या तळावर पायी फिरतात. खडकांच्या डबक्यांत खेकडे, चांदणीसारखे मासे, आठ हातांचं एक लिबलिबीत जनावर, आणि डिवचला की टम्म फुगून बसणारा एक मासा. देवकाबाई कौतुकानं बघत होती, पण वाती वळणं काही थांबलं नव्हतं. मग खाकी कपड्यांतला एक माणूस आला आणि हिंदीत म्हणाला की या हद्दीत विस्तव पेटवायला आणि स्वयंपाक करायला सक्त मनाई आहे.

वात अर्धवट राहिली. "काय म्हणे तो?"

"तिथं सयपाक करू देत नाई म्हणते, आई. केला तर दंड होते."

"कोणालेच नाई करू देत?"

"कोणालेच नाई. कायदाच आहे तसा."

देवकाबाईला आयुष्यात पहिल्यांदा सरकारबद्दल आदर वाटला.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. "यंदा मले जामनगरकडे जाचं आहे. समुद्र पाहाले."

"जामनगरले देव कोणता?" वासुदेवरावांनी वरणात भात कालवत विचारलं.

"कोणताच नाई."

"असं कसं? एखांदी देवी, एखांदा मारोती तं असनच."

"खेकडे आहेत."

वासुदेवरावांचा घास हातातच राहिला. एवढ्या लांब जायचं, हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि शेवटी देव नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. यात्रेहून माणूस परतला की लोक पाया पडायला येतात, प्रसाद मागतात, गावजेवण घालावं लागतं. लोकांच्या हातावर ठेवायचं काय? खेकडा?

"लोक पाया पडतीन तं सांगू काय त्याईले?"

"नका पडू देऊ. तेवढेच त्याईचे गुडघे वाचतीन," देवकाबाई म्हणाली. आणि मग तिचा आवाज उतरला. "माहे तं आता बसलं की उठू देत नाई. एकडाव समुद्र पाहू द्या मले. हातात झारा नसतानी. मंग काई नाई मांगणार."

वासुदेवराव वाईट माणूस नव्हते. बायको आपल्या यात्रांत सुखात असते असं त्यांना मनापासून वाटत होतं, कारण ती नेहमी भट्टीजवळ असायची आणि भट्टीजवळच्या बाईला दुसरं काही हवं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते पाणी प्यायले आणि "बरं, पाहू" म्हणाले. दुकानात उधारी मागणाऱ्यालाही ते असंच म्हणत.

पण देवकाबाईनं 'बरं' तेवढं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन बसस्टँडजवळचा एसटीडी बूथ गाठला. वर्षाली वर्ध्याच्या नालवाडीची, कॉलेजात गेलेली. हिंदी बोलताना तिची जीभ अडखळत नसे. तिनं इकडून तिकडून नंबर मिळवून जामनगरच्या वनखात्याला फोन लावला. पलीकडचा माणूस भला निघाला. थंडीत या म्हणाला, परवानगी काढावी लागेल म्हणाला. अमावास्या किंवा पौर्णिमा होऊन एक-दोन दिवस गेले की पाणी सर्वांत जास्त हटतं, तेव्हाच सकाळी या म्हणाला.

"म्हणजे पौषातली पौर्णिमा धरू, आई," वर्षाली बाहेर येऊन म्हणाली.

"पौर्णिमेचं नाव काहाडू नको," देवकाबाई इकडंतिकडं बघत पुटपुटली. "पौर्णिमेले अर्धं गाव येईन बोचके घेऊन. आपल्याले अमोशेले निंघाचं आहे. एक तं पौष, त्यात अमोशा. कुत्रं घराबाहीर निंघत नाई त्या दिवशी. माणसं नाई तं बस नाई, अन् बस नाई तं भट्टी नाई. आपण तिघं वर्ध्याहून गाडीत बसू."

वर्षाली सासूकडं बघतच राहिली. शास्त्राचा असा उपयोग तिनं कॉलेजातही ऐकला नव्हता.

बेत फसला तो वासुदेवरावांच्या तोंडानं. दुकानावर कोणीतरी विचारलं, "काय वासुदेवराव, यंदा कोणता धाम?" आणि आयुष्यभर यात्रावाले म्हणवून घेतलेल्या माणसाला चारचौघांत 'खेकडे' म्हणवेना. "द्वारका," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा." जामनगर द्वारकेच्या वाटेवरच आहे, म्हणजे आपण तसं खोटं बोललो नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळपर्यंत घरी नारळ यायला लागले. कोणाच्या मुलीचं लग्न जुळत नव्हतं, कोणाची म्हैस आटली होती, सगळ्यांनी द्वारकेच्या देवाला निरोप धाडले. लक्ष्मणराव पाटलांनी तर आपली आणि बायकोची जागा खिडकीजवळ राखायला सांगितली.

एवढं होऊनही तिथीची अडचण होतीच. वर्षालीनं मागवलेली वनखात्याची परवानगी अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांचीच आली होती, म्हणजे निघायचं अमावास्येलाच. गाव दोन दिवस विचारात पडलं आणि ते दोन दिवस देवकाबाई मनातल्या मनात फुगड्या घालत होती. तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाईंनी तोड काढली. "दशमीचा दिवस लय चांगला आहे. त्या दिवशी प्रस्थान ठिवू."

प्रस्थान म्हणजे देवाला शास्त्रोक्त चकवण्याचा प्रकार. चांगल्या मुहूर्तावर आपलं सामान घराबाहेर, दुसऱ्याच्या जागेत नेऊन ठेवायचं. सामान निघालं की माणूस निघाला असं धरलं जातं. मग देह मागाहून कोणत्याही वाईट दिवशी निघो, अमावास्या त्याला काही करू शकत नाही. फक्त एकदा ठेवलेलं सामान पुन्हा घरी आणायचं नाही. आणलं की यात्रा मोडली आणि भलतंच काही मागं लागलं. भजनी मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी सामान ठेवायचं ठरलं. बस ठरली. माळ्यावरची भट्टी उतरली, घासली गेली.

"तुह्या मनासारखं झालं का नाई?" वासुदेवराव खुशीत येऊन बायकोला म्हणाले. "आधी तुही बाग, मंग द्वारका. मी सारा इचार केला. हद्दीच्या बाहीर भट्टी लावू, म्हंजे कायद्याले धक्का नाई. मंडळी खेकडे पाहून येईन तवरीक तुह्या पुऱ्या होऊन जातीन. मंग तू जाजो पाहाले."

"तवरीक पाणी वापस येते."

"मंग पाणी पाहाजो. तुले समुद्रच पाहाचा होता ना?"

देवकाबाई मागच्या अंगणात गेली आणि घासलेला गंज पुन्हा घासायला बसली. तिला राग आला होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं लबाडी केली असती तर ती भांडली असती. पण त्यानं खरोखरच तिच्या सोयीचा विचार केला होता, आणि त्या सगळ्या विचारात ती भट्टीजवळून उठलीच नव्हती. समुद्र काही आपल्या नशिबात नाही, असं त्या दुपारी तिला पहिल्यांदा वाटलं.

दशमीला सकाळीच सगळ्यांनी प्रस्थान ठेवलं. भजनी मंडळाची खोली बॅगा-वळकट्यांनी भरली. मधोमध भट्टी, तिला सुलोचनाबाईंनी हळदकुंकू लावलं. देवकाबाईनंही आपली पिशवी ठेवली, सुनेची बॅग ठेवली, नमस्कार केला, घरी आली आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसली. ती बसली ती बसलीच.

दुपारी वासुदेवराव जेवायला आले तर स्वयंपाकघर थंडगार. "सयपाक नाई झाला?"

"मी निंघाली," देवकाबाई म्हणाली.

"कुठं?"

"यात्रेले. सकाळीच तं प्रस्थान ठेवलं. शास्त्रानं मी आता गावात नाई. यात्रेले गेलेली बाई घरी चूल पेटवते काय? तुमीच सांगा, तुमाले शास्त्र कळते."

वासुदेवरावांनी सुनेकडं पाहिलं. वर्षाली पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबूजी, माही पण बॅग तिथंच आहे."

"अवं, बॅग तं माहीही तिथंच आहे!"

"मंग तुमीही गावात नाई," देवकाबाई झोपाळ्याला पायानं झोका देत म्हणाली. "तुमाले भूक काऊन लागून राह्यली?"

संध्याकाळी सुलोचनाबाई समजूत घालायला आल्या. असं कुठं असते का वयनी, प्रस्थान आपलं मनाच्या समाधानासाठी असते, असं त्या म्हणाल्या आणि म्हणता म्हणता थांबल्या, कारण देवकाबाई नुसती त्यांच्याकडं बघत होती.

"म्हंजे ते खरं नसते?" देवकाबाईनं विचारलं. "मंग आपण चाळीस जणं खऱ्याखुऱ्या अमोशेले निंघून राह्यलो काय? तसं सांगा मंग गावाले."

सुलोचनाबाईंनी पदरानं घाम पुसला आणि त्या झोपाळ्यावर देवकाबाईच्या शेजारी टेकल्या. मग सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, "रामेश्वरले तुमी मोरीत गेल्या होत्या तवा कढईपाशी मी होती. जगन्नाथपुरीले बटाटे सोलून राह्यली होती मी. द्वारकेले तुमच्यासंगं कणीक कोणं मळली? मी तरी कुठं पाह्यला बाई समुद्र!" आणि अध्यक्षबाई चक्क रडायला लागल्या.

रडून झाल्यावर त्या घरी गेल्या आणि त्यांनीही गाव सोडलं, म्हणजे चुलीपुढून उठून ओट्यावर येऊन बसल्या. शास्त्राच्या बाबतीत सुलोचनाबाईंचा शब्द शेवटचा. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत प्रस्थान ठेवलेल्या झाडून साऱ्या बायका यात्रेला निघून गेलेल्या होत्या आणि आपापल्या ओट्यावर बसून एकमेकींना हाका मारत होत्या. गावातले यात्रेकरू पुरुष बसस्टँडवर भज्यांच्या गाडीला लागले. लक्ष्मणराव पाटलांनी हिंमत करून वरण लावलं, त्याचा वास वेशीपर्यंत गेला. वासुदेवराव आणि पियुष यांनी मिळून खिचडी केली. ती पातेल्यातून काढायला खुरपं लागलं.

पोटात मुरड उठली तसे वासुदेवराव तिरीमिरीत भजनी मंडळाच्या खोलीवर गेले. भट्टी घरी आणून माळ्यावर टाकायची, म्हणजे भांडणाचं मूळच जाईल, असा त्यांचा विचार. दारात सुलोचनाबाई उभ्या. "प्रस्थान ठेवलेली वस्तू घरी नेता, भाऊ? यात्रा मोडते. चाळीस घरांचं पाप कोण घेईन?"

वासुदेवराव खोलीतल्या कुंकू लावलेल्या भट्टीकडं बघत उभे राहिले. मग मान खाली घालून घरी आले आणि झोपाळ्यासमोर जमिनीवर बसले. बायकोपुढं जमिनीवर ते लग्नानंतर पहिल्यांदाच बसले असावेत.

"भट्टी तं न्या लागते म्हणते," ते म्हणाले.

"न्या ना. तिचंही प्रस्थान झालं बिचारीचं. मी कुठं नाई म्हटलं? पेटवीन तिले ज्याले भूक लागन तो."

"माणसं पुऱ्या तळतीन? लोक हासतीन आपल्याले."

"हासतीन. मंग जेवतीन."

झोपाळ्याच्या कड्या वाजत राहिल्या. आत पियुष खिचडीचं पातेलं खरवडत होता. शेवटी वासुदेवराव घसा खाकरून म्हणाले, "चाळीस माणसाले कणीक किती भिजवा लागते?"

अमावास्येला बस निघाली. वाईट काहीच झालं नाही, एक फुटलेला टायर सोडला तर. द्वितीयेच्या सकाळी बस उद्यानाच्या अलीकडं थांबली. हद्दीच्या बाहेर वेड्या बाभळीच्या आडोशाला भट्टी उतरली आणि भोवती पुरुष मंडळी धोतरं-विजारी खोचून बसली. कणकेत पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, मग पुन्हा पाणी. बायका तिकडं न बघता पुढं गेल्या. देवकाबाईनं पायात पियुषचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले होते, कारण वनखात्याच्या वाट दाखवणाऱ्या माणसानं खडक पाय कापतात म्हणून बजावलं होतं.

काठावर येऊन तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. समोर समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथवर चिखल, खडक, ओलं शेवाळ आणि डबकी.

"तीनदा मी आली अन् भेटली नाई," ती वर्षालीला म्हणाली, "तं आता हाच पळून गेला."

बायका मात्र हरखल्या. खेकडा पळाला की किंचाळत होत्या, तो फुगणारा मासा फुगला की टाळ्या पिटत होत्या. सुलोचनाबाईंनी चांदणीच्या आकाराच्या माशाला हात जोडले. न जाणो, कोणाचा अवतार असायचा. देवकाबाईचं माशांत लक्ष नव्हतं. ती वाट दाखवणाऱ्याला एकच विचारत होती, "भय्या, पानी किधर है?" त्यानं लांबवर, आभाळाखालच्या एका पांढुरक्या रेघेकडं बोट केलं. "आयेगा, माँजी. वो खुद आयेगा."

बऱ्याच वेळानं त्यानं शिटी वाजवली आणि सगळ्यांना मागं फिरवलं. बायका काठाकडं निघाल्या. देवकाबाई काठाच्या अलीकडं एका सपाट खडकावर थांबली आणि सुनेला म्हणाली, "तू हो पुढं."

लाट-बिट काही आली नाही. पाणी आलं ते गुपचूप. दोन खडकांच्या फटीतून एक ओघळ आला, मग बाजूच्या डबक्यातलं पाणी हललं, मग डबकी एकमेकांत मिसळली. मघा ज्या वाटेनं ती चालली होती ती वाट दिसेनाशी झाली. पाणी खडकावर चढलं, बुटात शिरलं, थंडगार, आणि घोट्यापर्यंत आलं. आता समोर नुसतं पाणी होतं, हलणारं, चमकणारं, कुठंच न संपणारं. देवकाबाईला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं येऊ दिलं. इतका मोठा होता तर तो! बादलीत मावला कसा, असं तिच्या मनात आलं.

"माँजी, चलो! चलो माँजी!" वाट दाखवणारा ओरडत होता. त्याच्यामागं आणखी एक हाक आली. काठावर वासुदेवराव उभे होते. कोपरापर्यंत कणीक, कपाळावर कणीक, डोळे धुरानं लाल. दोन्ही हातांचा कर्णा करून ते जीव तोडून ओरडत होते, "अवं पियुषच्या माय! ये लवकर! पुऱ्या थंड होऊन राह्यल्या!"

देशातल्या किती धर्मशाळांच्या अंगणात उभं राहून देवकाबाईनं ही हाक इतरांना दिली होती. तिला ती आजवर कोणी दिली नव्हती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाणी पोटरीला लागलं होतं.

"होऊ द्या!" ती ओरडली.